आवणीच्या जागी लावणी

मीनलचा निबंध ऐन आषाढात आला, यात तिचा काही दोष नाही. ती राहते त्या परदेशात आषाढ नसतो. तिकडच्या कॉलेजांचे अर्ज ज्या दिवसांत भरायचे असतात त्या दिवसांत तिने तो पाठवला. टाइप केलेली पाच पानं आणि वर टाचलेली चिठ्ठी: ‘आजी, पाचाची तीन पानं करायची आहेत. आमच्यात निर्दय तूच आहेस, म्हणून तुलाच पाठवते.’

निर्दय हा शब्द तिने कौतुकाने वापरलाय. घरात माझा तो लौकिकच आहे. मीनल, रोहन, तुम्ही दोघं लहान असताना मला पत्रं लिहायचात आणि मी ती तांबड्या शाईने सुधारून, उत्तरासोबत त्याच पाकिटातून परत पाठवायची. रोहनने सातव्या वर्षी लिहिलं होतं, ‘आजी मला तूजी आटवण येते.’ एवढ्याशा वाक्यात मी तीन चुका काढल्या होत्या. पुढे वर्षभर त्याचं पत्र आलं नाही. तुमची आई फोनवर म्हणाली, “एक वाक्य तरी तसंच ठेवायचंत.” मी म्हणाले, “चूक ती चूक.” फोन महाग असे तेव्हा, त्यामुळे संभाषण तिथेच संपलं.

तर पाच पानं टेबलावर आहेत. पेन्सिलीला टोक काढून ठेवलंय. पहिली दोन पानं मी तासाभरात निम्मी केली. तिसऱ्या पानावर मीनलने मध्येच शेजारच्या एका म्हाताऱ्याबद्दल लिहिलंय. तो रोज सकाळी रिकाम्या पिंजऱ्याला गुड मॉर्निंग म्हणतो. निबंधाच्या विषयाशी त्याचा काही संबंध नाही. तो परिच्छेद उभी रेघ मारून काढायचा, एवढंच काम. त्या रेघेसाठी पेन्सिल टेकवून आज चौथा दिवस.

गेल्या रविवारी शेजारचे कुटुंब मला गाडीतून पानशेतला जेवायला घेऊन गेले. तिकडे आता पिठलं-भाकरीच्या पाट्या लावलेली हॉटेलं झाली आहेत, पुण्याची माणसं पाऊस बघायला जातात. वाटेत भाताच्या खाचरांमधून बायका ओळीने वाकल्या होत्या. पाठीवर निळ्या-पिवळ्या प्लास्टिकच्या खोळी. शेजारीण म्हणाली, “काय सुंदर रंग दिसतात ना मावशी! थांबा, एक फोटो घेते.” गाडी थांबली. मी काच वर करून घेतली. फोटोत सगळ्यांच्या पाठीच आल्या असणार. चेहरा दिसतच नाही त्या कामात.

मी भोरला वाढले. भोर तेव्हा संस्थान होतं. दुसरं महायुद्ध सुरू व्हायला अजून एक-दोन वर्षं होती, पण आम्हाला त्याचं काय! आम्हाला युद्ध म्हणजे शाळेतल्या कौलांमधून गळणारं पाणी आणि त्याखाली कोणी बसायचं यावरची भांडणं. आषाढात नीरा लाल होऊन वाहायची. गावातल्या प्रत्येक वस्तूला ओल यायची. पाटीला, पोळ्यांच्या दुरडीला, माणसांच्या बोलण्यालासुद्धा. माझे वडील कचेरीत कारकून होते. ऑफिसातून आले की चहा पिऊन मला इंग्रजी शिकवायचे. मुलीला इंग्रजी शिकवणारा बाप म्हणून लोक त्यांच्याकडे बोट दाखवत, आणि त्यांना ते आवडे. नीटनेटकेपणा मला त्यांच्याकडून आला. माझ्या वहीत खाडाखोड नसे. खाडाखोड मी दुसऱ्यांच्या वह्यांत करायची.

कारण आमच्या मोठ्या बाई. मुलींच्या शाळेच्या त्या मुख्य. बाईंच्या हातात एका बाजूने तांबडी, दुसऱ्या बाजूने निळी अशी पेन्सिल असायची, आणि निबंध तपासण्याची त्यांची एक पद्धत होती. मुलीला उभं करायच्या, तिची वही तिच्यापुढे धरायच्या आणि म्हणायच्या, “बोट ठेव मुद्द्यावर.” मुलगी घाबरून कुठेतरी बोट ठेवी. ते बोट सोडून उरलेलं सगळं बाई तांबड्या पेन्सिलीने काढून टाकत. “हा पाल्हाळ. हा पण पाल्हाळ. वाचणाऱ्याला वेळ नसतो, समजलीस?” एका मुलीने आपल्या गाईवर तीन पानं लिहिली होती. बोट उचललं तेव्हा त्यातलं ‘गाय दूध देते’ एवढं शिल्लक राहिलं. वर्ग हसून लोळत होता. ती मुलगीही हसली. दुसरं काय करणार?

हौसाने मात्र बोट ठेवलं नाही. हौसा वेल्ह्याकडच्या एका वाडीतली. घरी भातशेती, आई नाही. भोरला तिची मावशी राहायची, मावशीचे यजमान कचेरीत पट्टेवाले, म्हणून ती शिकायला तिथे. मराठी सातवीत आम्ही एका बाकावर बसायचो. ती उंच, हाताला घट्टे, आणि पाढ्यांत माझ्या पुढे. भाषेत मात्र मी तिच्या पुढे, असं सगळ्यांचं मत होतं, तिचंही.

त्या वर्षी पुण्याच्या एका मंडळाने भोरच्या एका मुलीची इंग्रजी शाळेची आणि वसतिगृहाची सोय करायचं ठरवलं होतं. मुलगी एकच. निवड निबंधावरून. विषय ‘माझी आई’. फुलस्केप कागदाचं एक पान, एक ओळही जास्त नको. पाहुणे येणार, मुलींनी आपापला निबंध सर्वांसमोर मोठ्याने वाचायचा. हौसाच्या वडिलांनी तिला सरळ सांगितलं होतं: नंबर लागला तर पुणं, नाही लागला तर लग्न. मुलगा बघून ठेवला होता. हे तिने मला पेरू खाता खाता सांगितलं, अगदी उद्या बुधवार आहे असं सांगावं तसं.

तिचा कच्चा निबंध चार पानांचा होता. बाईंनी वही उघडली, थोडं वाचलं, आणि नाकाला पदर लावला. “निबंध आहे की खाचर? पाय बुडतोय माझा. बोट ठेव मुद्द्यावर.”

हौसाने आपला अख्खा पंजा पसरून पानावर ठेवला. “ह्यो समदा, बाई.”

वर्गात हसू फुटलं. बाईसुद्धा हसल्या. बाई हसल्या की जास्त भीती वाटायची. “सुमती,” त्या मला म्हणाल्या, “ह्या पंजाखालचं एका पानात बसव. भाषा शुद्ध कर. तिच्या भल्याचंच आहे.”

दुपारच्या सुट्टीत आम्ही ओसरीवर बसलो. पन्हाळीतून पाणी पडत होतं आणि उडणाऱ्या थेंबांपासून मी वही सांभाळत होते. मी बाईंसारखीच पेन्सिल धरली होती. चार पानं वाचून झाली आणि मी ती पुन्हा पहिल्यापासून वाचली. हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. तुमच्या आजोबांनाही नाही.

त्या चार पानांतलं मी जे खोडलं ते मला आजही पाठ आहे. ते असं:

‘समद्या बाया वाकल्याल्या. पाठीवर इरली. इरल्याखाली कोन हाय ते कळत न्हाई. वळ म्होरं गेली. येक इरलं मागंच ऱ्हायलं. आजी बांदावरनं वरडली, आगं ए, हात चालव. इरलं हाललं न्हाई. म्होरल्या दोगी हासल्या, झोपली जनू. मंग म्या गेले. म्या इरलं उचाललं. तोंड पान्यात व्हतं. हातात रोपाची जुडी तशीच. आजीनं बोटं उकलून जुडी काडली आन म्होरलीच्या हातात दिली. खाचर त्याच दिशी पुरं झालं. दुसऱ्या दिशी आयचं इरलं माज्या पाठीवर आलं. मला ते लई मोटं व्हतं. वळीत आजीला वाटायचं आयच हाय. ती मला आयच्या नावानं वरडायची.’

इरलं म्हणजे पानं आणि बांबूच्या कामट्यांचं पावसाचं पांघरूण. पाठीवर घेतलं की माणूस उलट्या होडीसारखा दिसतो. हौसा तेव्हा आठ वर्षांची होती. तिच्या आईला आठवडाभर ताप होता, हेही दोन ओळींत होतं. तेही मी काढलं, कारण आजाराचं वर्णन रडवेलं वाटतं.

समासात मी कारणं लिहिली. ती शिस्त होती माझी. इरलं: एकच शब्द पुन्हा पुन्हा, पुनरुक्ती. आजी: विषय ‘माझी आई’ असा आहे, विषयांतर. दोघी हसल्या: अप्रस्तुत. जुडी: अनावश्यक तपशील. प्रत्येक कारण बरोबर होतं. आजही कुठल्याही परीक्षकाला दाखवा, एकही कारण तो चूक ठरवणार नाही.

हौसा गुडघ्यावर हनुवटी टेकून बघत होती. तिला वाईट वाटत होतं असं मला दिसलं नाही. दात काढून घ्यायच्या आधी माणूस जसं ओठ घट्ट करून बसतं तशी बसली होती.

“आणि हे काय लिहिलंयस, ‘आवनी’?”

“आवनी. भाताची. तरव्यातनं रोप उपटायचं आन खाचरात लावायचं, ती.”

“मग लावणी लिही.”

“लावनी?” ती हसली. “लावनी तमाशात आसती. घुंगरं बांदून.”

“शेतातल्यालासुद्धा लावणी म्हणतात. कोशात आहे. आवणी फक्त तुमच्याकडे.”

“आसंल कोशात. आमच्यात आसं कुनी बोललं तर बाया तोंडात पदर घालतील.”

“अगं, संदर्भावरून कळतं.”

“संदर्भ म्हंजी?”

“म्हणजे आजूबाजूची वाक्यं. त्यावरून कुठली लावणी ते समजतं.”

तिने वहीकडे पाहिलं. “मंग ती तर तू खोडलीस की गं.”

मी म्हणाले, “तू लिहायला शीक आधी. खोडायचं मी बघते.” तिने वही माझ्याकडे सरकवली. माझ्या भाषेवर तिचा विश्वास होता. तिच्या वाडीत लिहिलेलं कोणी खोटं ठरवत नसे.

मी पक्का मसुदा माझ्या अक्षरात लिहून दिला. एका पानात बसला, खाली दोन बोटं जागाही उरली. आई कष्टाळू होती, पहाटे उठे, जात्यावर ओव्या म्हणे, असली वाक्यं मी घातली. हौसाने ओव्यांचं लिहिलंच नव्हतं, पण आई म्हटली की ओव्या येतात. मध्यावर हे वाक्य होतं: ‘एके दिवशी माझी आई लावणीला गेली, ती परत आलीच नाही.’ आणि लगेच पुढे, ‘तेव्हापासून आम्ही पोरकी झालो.’

मी ते स्वतःशी एकदा वाचलं. मीनल, तुला एका मुद्द्यावर बोट ठेवून सांगायचं तर हा तो मुद्दा: वाचताना मला हसू आलं. बारीकसं, नाकातून. वाक्य कानाला कसं लागतं ते मला त्याच क्षणी कळलं. मग मी टिपकागद ठेवला, वरून मूठ फिरवली आणि कागद हौसाला दिला. मला ती जागा हवी होती. मत्सर, वयाचा पोरकटपणा, बाईंचा धाक, सगळं लिहून या वाक्याभोवती आडोसा करता येईल. तो पाल्हाळ होईल.

माझा स्वतःचा निबंध तीन मुद्द्यांचा होता: माया, शिस्त, त्याग. घरी आईला वाचून दाखवला. तिला अक्षरओळख नव्हती. भाजी निवडता निवडता तिने सगळा ऐकला आणि विचारलं, “छान आहे. कोण गं ही बाई?”

पाहुणे आले त्या दिवशी पावसाने थोडी उघडीप दिली होती. दोन गृहस्थ आणि एक बाई. गृहस्थांच्या उपरण्यांना अत्तराचा वास होता आणि वर्गाला ओल्या गोणपाटाचा. बाईंनी आम्हाला बजावून ठेवलं होतं: कागदावर असेल तेच वाचायचं, शब्द इकडचा तिकडे झाला तर नापास.

हौसाचा नंबर माझ्या आधी. ती उभी राहिली, आवाज खणखणीत. पहाट, जातं, ओव्या, सगळं नीट वाचलं. त्या वाक्यापाशी आली आणि थांबली. ओठ हलले. मला खात्री आहे की तिच्या तोंडात ‘आवनी’ आलं होतं. तिने माझ्याकडे पाहिलं. मी डोळ्यांनी कागद दाखवला. आहे तसं वाच.

तिने वाचलं.

पहिल्यांदा मागच्या बाकावरून एक खुसखुस. मग कुणीतरी बाकावर बोटांनी ढोलकीचा ठेका धरला, दोनच ठोके. अत्तरवाल्यांपैकी जाड गृहस्थांनी उपरणं तोंडाशी नेलं, पण खांदे हलायचे ते हललेच. “परत आलीच नाही म्हणजे,” ते शेजारच्या गृहस्थांना म्हणाले, कुजबुजीपेक्षा मोठ्याने, “फड चांगला असला पाहिजे.” पाहुण्या बाई म्हणाल्या, “अहो, काय हे!” आणि त्याही हसल्या. मग परवानगी मिळाल्यासारखा सगळा वर्ग हसला. हौसा पुढचं वाक्य वाचत होती, ‘तेव्हापासून आम्ही पोरकी झालो’, आणि त्यावर तर हसू आणखी वाढलं.

मोठ्या बाईंनी टेबलावर पट्टी आपटली. “हौसा, काय लिहिलंयस हे?”

“म्या आसं लिवलं नव्हतं, बाई.” कागदावरची शुद्ध भाषा एका क्षणात गेली.

“मग कसं होतं?” पण हे विचारताना बाईंनी माझ्याकडे वळून पाहिलं. “सुमती, तू सुधारलंस ना? आधी काय शब्द होता?”

एक शब्द सांगायचा होता. तीन अक्षरांचा. माझ्या जिभेवर होता तो, चिखलासकट.

“आठवत नाही, बाई.”

बाईंना पटलं नाही, एवढं मला त्यांच्या डोळ्यांत दिसलं. पण पाहुण्यांसमोर वेळ जात होता, आणि वाचणाऱ्याला जसा वेळ नसतो तसा ऐकणाऱ्यालाही नसतो. “बस,” त्या हौसाला म्हणाल्या.

ती बसली नाही, कारण तेवढ्यात ओसरीवरून हाक आली, “हौसे.”

तिचे वडील. मेव्हणीकडे तांदळाचं बोचकं टाकून, निकाल ऐकायला म्हणून थेट शाळेत आले होते. दीड दिवस चालत. मुलींच्या शाळेत पुरुषांनी आत यायचं नसे, म्हणून खांबापाशी उभे. किती वेळ उभे होते कोण जाणे. डोक्यावरच्या घोंगडीतून पाणी ठिबकत होतं. मी खिडकीच्या बाजूला बसले होते, मला सगळं ऐकू आलं.

“तुजी आय लावनीला गेली व्हती?”

“न्हाई, बा.”

“मंग म्हनलीस कशापायी? मोट्या लोकांम्होरं?”

“लिवलं व्हतं तितं.”

“कुनी लिवलं?”

“सुमीनं. आवनी खोडून तिनं…”

ते खिडकीतून माझ्याकडे बघू लागले. घट्ट वेणी, स्वच्छ परकर, पुढ्यात न डागाळलेला कागद. बराच वेळ बघितलं त्यांनी. मग मुलीकडे वळून म्हणाले, “बामनाची पोर कशाला खोटं लिवंल? नाव घिऊ नगंस दुसऱ्याचं.”

त्यांनी तिला मारलं नाही. हाताला धरून ओढलंही नाही. “चल,” म्हणाले आणि पायऱ्या उतरले. ती मागून गेली. पाटी-दप्तर बाकावरच राहिलं.

आत मोठ्या बाईंनी माझं नाव पुकारलं. पाहुणे एकमेकांशी इंग्रजीत बोलत होते. ती गेलेली मुलगी हुशार दिसते, पण घरचं वळण पाहावं लागतं, अशा अर्थाचं काहीतरी. मुलींना कळू नये म्हणून ते इंग्रजीत. मला कळलं. वडिलांची शिकवणी फुकट गेली नव्हती. मी उभी राहिले, घसा साफ केला, आणि माया, शिस्त, त्याग एका दमात वाचून दाखवले. जाड गृहस्थ म्हणाले, “वा! अगदी मुद्देसूद.”

हौसाचं लग्न त्याच मार्गशीर्षात झालं. मला कळलं ते पुण्यात, वसतिगृहात, आईने कुणाकडून तरी लिहवून घेतलेल्या पत्रात. पत्रात शुद्धलेखनाच्या सहा चुका होत्या. मोजल्याचं आठवतं.

कधी कधी वाटतं, हौसाची चार पानं तशीच वाचली गेली असती तरी काय झालं असतं? त्या पाहुण्यांना खाचर, इरलं, जुडी यांतलं काय कळलं असतं? कदाचित त्यांनी तरीही मलाच निवडलं असतं. हा विचार मला पूर्वी फार सोयीचा वाटायचा. पुढे मीच परीक्षक झाले, शेकड्यांनी निबंध तपासले, आणि मग तो सोयीचा राहिला नाही. त्या ढिगाऱ्यात असं एक पान आलं तर हात कसा थांबतो हे मला आता ठाऊक आहे. आणि थांबलेला हात आपण पुन्हा कसा चालवतो, तेही.

म्हणून मीनल, तुझी पहिली दोन पानं सुधारून पाठवते आहे. तिसऱ्यापासून पुढे हात लावलेला नाही. त्या म्हाताऱ्याचं काय करायचं ते तू ठरव. मी ठरवण्याच्या लायकीची का नाही, ते अजून पुरतं सांगून झालेलं नाही.

संस्थान विलीन झालं त्याच्या पुढच्या वर्षीची, म्हणजे दहा-बारा वर्षांनंतरची गोष्ट. मी बी.ए., बी.टी. होऊन शाळा तपासायच्या नोकरीत लागले होते. खेड्यांतून त्या हुद्द्याला दिपोटी म्हणत, आणि बाई म्हणून मला दिपोटीणबाई. मोटार होती तिथवर मोटार, पुढे बैलगाडी, पुढे चालत. आषाढात वेल्ह्याकडच्या दौऱ्यावर कोणी जायला तयार नसे. मी गेले, कारण माझ्या वेळापत्रकात ते नाव त्या आठवड्यात होतं. वेळापत्रक मी मोडत नसे.

एका वाडीतली शाळा बघून बांधावरून परत निघाले होते. शिपाई मागून छत्री धरून. खाचरात दहा-बारा बायकांची ओळ. इरली पाठीवर, चेहरे पाण्याकडे. आम्ही जवळ आलो तसं ओळीतलं एक इरलं वर न उठता बोललं, “काय दिपोटीणबाई, लावनी बगाय आलाय व्हय?”

सगळी ओळ हसली. नुसती हसली नाही, खूप दिवसांच्या ओळखीच्या विनोदाला हसतात तशी हसली. त्या वाडीत तो शब्द मुरला होता. माझ्या एका शब्दावर त्यांची किती तरी पावसाळ्यांची करमणूक झाली होती.

ती उभी राहिली. कंबरेला हात लावून, टप्प्याटप्प्याने.

“हौसा?”

“वळाकलं म्हनायचं.”

“कशी आहेस?”

“वाकल्याली,” ती म्हणाली. बायका पुन्हा हसल्या.

बांधावर सहा-सात वर्षांची एक मुलगी रोपांच्या जुड्या ओळीकडे फेकत होती. नेम अचूक होता, जुडी बरोबर हाताशी पडायची. शाळेच्या पटावर मी मुलींची नावं शोधली होती. एकही नव्हतं.

“ही तुझी?”

“मंग? शेजारनीची आनून उबी करीन व्हय?”

“शाळेत का घातली नाहीस? शाळा तर इथे चार पावलांवर आहे. तू स्वतः शिकलेली.” हे मी दिपोटीच्या आवाजात बोलले. माझ्याकडे दुसरा आवाज नव्हता.

हौसाने हात पाण्यात बुडवून धुतले, पदराला पुसले. लेकीकडे बघितलं. तिला शाळेत घालायचं हौसाच्या मनात कधीतरी आलेलं असणार, कारण तिने नाही न म्हणता विचारलं, “तुमी शिकीवता का तितं?”

“नाही. शिकवायला मास्तर आहेत. मी फक्त तपासते.”

“तपासता म्हंजी काय करता?”

“मुलांनी लिहिलेलं बघते. चुकलेलं असेल ते सुधारते.”

आता कोणी हसत नव्हतं. ती माझ्याकडे पाहत राहिली. तिच्या वडिलांनी खिडकीतून पाहिलं होतं, तेवढा वेळ. मग म्हणाली, “मंग न्हाई धाडत.” आणि इरलं सारखं करून वाकली. ओळ पुढे सरकली.

मला बोलता आलं असतं. पोर तुझ्या इच्छेप्रमाणे लिहील, कोणी तिच्या शब्दाला हात लावणार नाही, एवढं तरी. मी मनगटावरचं घड्याळ पाहिलं. दुसऱ्या दोन शाळा व्हायच्या होत्या.

मुक्कामाला पोचल्यावर अहवाल लिहायला बसले. त्या वाडीविषयी मी आधी दोन पानं लिहिली. हौसा, तिची आई, खोडलेला शब्द, बांधावरची मुलगी, सगळं. लिहून झाल्यावर वाचलं. शासकीय अहवालात याला जागा नव्हती. मी दोन्ही पानांवर उभी रेघ मारली आणि त्यांच्या जागी एक वाक्य लिहिलं: ‘येथील पालक मुलींच्या शिक्षणाबाबत उदासीन आहेत.’

साहेबांना अहवाल फार आवडला. स्पष्ट आणि नेमका, असा शेरा मारून त्यांनी त्याच्या नकला काढायला लावल्या आणि जिल्ह्यातल्या सगळ्या तपासनिसांना नमुना म्हणून पाठवल्या.